त्रेसष्ट पाऊंड कमी

हँडओव्हर शीटच्या पाठीवर तिने हिशेब मांडून आणला होता. वर २५,०००, खाली २४,९३७, मग रेघ आणि रेघेखाली ६३. त्या ६३ भोवती पेनने दोनदा गोल. रात्रीची शिफ्ट संपवून, अंगावर गणवेश तसाच, ती कँटीनमध्ये माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "ताई, माझी वजाबाकी चुकत असली तर सांगा."

वजाबाकी बरोबर होती. तारीख २३ मे २०२५. आदल्याच दिवशी इंग्लंडमधल्या एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, कर्मचाऱ्यांची ३.६ टक्के पगारवाढ जाहीर झाली होती आणि वॉर्डात सगळे खूश होते. हिने मात्र वाढलेला आकडा घेऊन तो होम ऑफिसने, म्हणजे ब्रिटनच्या गृहखात्याने, व्हिसासाठी ठरवलेल्या किमान पगाराशेजारी ठेवून पाहिला होता.

मी इंग्लंडच्या मध्य भागातल्या एका सरकारी रुग्णालयात नर्स आहे आणि काही वर्षांपासून कर्मचारी संघटनेची प्रतिनिधी म्हणूनही काम करते. हे प्रकरण तिच्या संमतीने लिहिते आहे. तिचं नाव, वॉर्ड आणि गाव गाळलं आहे. व्हिसा, पगार आणि नोकरी यांची गाठ कशी बसते आणि ती कुठे सोडवता येते, हे एकाच माणसाच्या कागदपत्रांवरून जितकं स्पष्ट दिसतं तितकं सरकारी मार्गदर्शिकेतून दिसत नाही, म्हणून हा खटाटोप.

ती पश्चिम महाराष्ट्रातली. जीएनएम झालेली, एका खासगी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात सहा वर्षं काढलेली. इकडे नर्स म्हणून नोंदणी व्हायला इंग्रजीची परीक्षा आडवी आली. आयईएलटीएसच्या लेखनात अर्धा बँड कमी पडला, दोन वेळा. तेवढ्यात १५ फेब्रुवारी २०२२ पासून ब्रिटनने केअर वर्करच्या कामासाठी हेल्थ अँड केअर व्हिसाचं दार उघडलं. २०२३ या एका वर्षात या व्हिसावर मुख्य अर्जदार म्हणून सुमारे १ लाख ४६ हजार जणांना परवानगी मिळाली, इतका तो लोंढा होता. ती त्याच्या सुरुवातीलाच, नोव्हेंबर २०२२ मध्ये, एका केअर होममध्ये रुजू झाली. एजंटला किती दिले ते ती सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

केअर होममध्ये तिने जवळजवळ दहा महिने काम केलं. मग आमच्या ट्रस्टने, म्हणजे आमचं रुग्णालय चालवणाऱ्या एनएचएस संस्थेने, तिला हेल्थकेअर सपोर्ट वर्कर, म्हणजे नर्सिंग सहायक, म्हणून घेतलं, बँड थ्री या पगारश्रेणीवर. नवा मालक म्हणजे नवी सीओएस (व्हिसासाठी मालकाने द्यायचं प्रायोजकत्वाचं प्रमाणपत्र) आणि नवा व्हिसा. व्हिसा मिळाला २९ ऑगस्ट २०२३ पासून दोन वर्षांचा. पण डीबीएसची, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी रखडली आणि प्रत्यक्ष रुजू होण्याची तारीख पडली २५ सप्टेंबर. मधले चार आठवडे पगार नाही, एवढंच तिला तेव्हा जाणवलं. ही दोन तारखांमधली फट पुढे तिच्या मानगुटीवर बसणार आहे, हे ना तिला ठाऊक होतं ना मला.

बँड थ्री म्हणजे काय काम, हे बाहेरच्यांना नीट माहीत नसतं. दर काही तासांनी रक्तदाब, नाडी, श्वास, ऑक्सिजन, तापमान घेऊन न्यूज-टूचा, म्हणजे प्रकृती किती बिघडते आहे ते सांगणारा, स्कोअर काढायचा आणि तो वाढला की नर्सला हाक मारायची. साखर तपासायची. कॅथेटरची पिशवी रिकामी करायची, मोजून लिहायची. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस दर दोन तासांनी बदलायची, नाहीतर कमरेला जखम होते. भ्रमात असलेल्या आजोबांच्या पलंगाशेजारी रात्रभर बसायचं, ते उठून पडू नयेत म्हणून. नर्स म्हणून मी छातीठोकपणे सांगते, रात्रीचा वॉर्ड या माणसांच्या जिवावर चालतो.

आता पगाराचं गणित. एनएचएसच्या पगारपत्रकात बँड थ्रीला दोनच पायऱ्या आहेत: पहिली रुजू होतानाची, दुसरी दोन वर्षांनंतरची. ती आली तेव्हा, म्हणजे २०२३-२४ मध्ये, पहिली पायरी होती वर्षाला २२,८१६ पाऊंड आणि आरोग्यक्षेत्रातल्या व्हिसाची किमान पगारमर्यादा होती २०,९६०. म्हणजे ती मर्यादेच्या १,८५६ पाऊंड वर होती, अगदी ऐसपैस. मग मर्यादा एप्रिल २०२४ मध्ये २३,२०० झाली आणि ९ एप्रिल २०२५ ला २५,०००. दोन वर्षांत हिचा पगार २,१२१ पाऊंडांनी वाढला आणि मर्यादा ४,०४० नी. एप्रिलच्या त्या दिवशी बँड थ्रीची पहिली पायरी अजून २४,०७१ वरच होती, म्हणजे तूट ९२९ ची. मेमधल्या पगारवाढीने ती ६३ वर आली. मर्यादा ठरवते होम ऑफिस, एप्रिलमध्ये. पगार ठरतो आरोग्य खात्यात, वेतन पुनरावलोकन मंडळाच्या शिफारशीवर, मेमध्ये. दोन्ही खात्यांच्या कचेऱ्या लंडनमध्ये एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

दुसऱ्या पायरीचा पगार होता २६,५९८. जुन्या दराने धरला तरी २५,६७४. दोन्ही मर्यादेच्या वर. पण दुसरी पायरी तिला मिळणार होती २५ सप्टेंबर २०२५ ला आणि व्हिसा संपत होता २९ ऑगस्टला. अंतर सत्तावीस दिवसांचं.

"पण माझ्या पी-सिक्स्टीवर तर अठ्ठावीस हजारांच्या वर दिसतंय," ती म्हणाली. हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो. पी-सिक्स्टी म्हणजे वर्षभराच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा दाखला. बँड थ्रीला रात्री आणि शनिवारी ३५ टक्के जादा मिळतात, रविवारी ६९ टक्के. त्यात बँक शिफ्ट, म्हणजे वरच्या जादा पाळ्या. वर्षाअखेर हातात येणारी रक्कम मर्यादेच्या पुष्कळ वर जाते, त्या सगळ्या रकमेवर कर कापला जातो, पण व्हिसासाठी त्यातला फक्त करारातला मूळ पगार धरतात. रात्रपाळीचे पैसे करारात हमीने लिहून दिलेले असले तरी ते मोजत नाहीत. नियमामागचा हेतू मला कळतो. मालकाने कागदावर जादा शिफ्ट दाखवून माणसाला कमी पगारात राबवू नये, यासाठी तो आहे. पण इथे त्या नियमाने ज्या माणसाला राबवलं जातंय त्यालाच पकडलं.

जूनचा पहिला पंधरवडा आम्ही चुकीच्या दारांवर धडका देण्यात घालवला. तेही लिहिते, कारण बहुतेक लोक त्याच दारांवर जातात.

मनुष्यबळ विभागातल्या बाई चांगल्या होत्या. त्यांनी लगेच सुचवलं की वर्षाला ६३ पाऊंडांचा भत्ता देऊन टाकू. मी नियम उघडून दाखवला: भत्ते मोजत नाहीत. मग मूळ पगारातच ६३ घालू, असं निघालं. ते वरच्या बैठकीत अडलं, आणि का अडलं ते मला पटतं. त्याच वॉर्डात त्याच पायरीवर इथेच जन्मलेली एक मुलगी तेच काम करते. पासपोर्ट पाहून एकीचा मूळ पगार वाढवला तर दुसरी विचारणारच, मग माझा का नाही? संघटनेत आमचंही उत्तर हेच होतं की दोघींचा वाढवा. त्याला ट्रस्ट तयार नव्हता.

आठवड्याचे तास साडेसदतीसवरून अडतीस करावेत, ही कल्पना तिच्या नवऱ्याची. अर्ध्या तासात गणित बसत होतं, पण पूर्णवेळ आठवडा राष्ट्रीय करारानेच साडेसदतीस तासांचा ठरलेला आहे आणि एकीसाठी तो बदलायला कुणी धजेना. (उलट बाजू आणखी वाईट आहे. बाळंतपणानंतर तास कमी करून मागणाऱ्या व्हिसाधारक सहायिकेला आधी २५,००० ची भिंत दिसते, कारण ती मर्यादा तासांच्या प्रमाणात कमी होत नाही.)

मग मी विचारलं, सत्तावीस दिवसांनी पायरी चढणारच आहे तर सीओएसवर तो पगार का लिहीत नाही? उत्तर आलं, सीओएसवर आजचा पगार लिहायचा असतो. उद्याचा लिहिला आणि पायरी काही कारणाने लांबली तर ट्रस्टचा परदेशी माणसं नेमण्याचा परवाना धोक्यात. पायरी आपोआप चढतही नाही. वार्षिक आढावा झालेला लागतो, सक्तीची प्रशिक्षणं पूर्ण लागतात. ट्रस्टचा परवाना म्हणजे शेकडो माणसांचे व्हिसे. तिथे मी हट्ट सोडला.

१ जुलैला नव्या नियमांचा मसुदा संसदेत मांडला गेला आणि प्रकरणाचा रंगच पालटला. २२ जुलैपासून कामाच्या व्हिसासाठी पदवीच्या पातळीचं काम लागणार होतं. नर्सिंग सहायकाचं काम त्या पातळीखालचं, म्हणून परदेशातून नवीन कुणालाच या कामावर आणता येणार नव्हतं. ज्यांच्याकडे आधीपासून व्हिसा आहे आणि जो मध्ये खंडित झालेला नाही, त्यांना मात्र इथल्या इथे मुदत वाढवता येणार होती. याचा सरळ अर्थ असा की ६३ पाऊंडांपायी तिचा अर्ज फेटाळला गेला आणि ती परत गेली, तर पुढच्या महिन्यात पगार एक लाख झाला तरी त्याच वॉर्डात त्याच कामावर तिला येता येणार नाही. नवरा गोदामात काम करतो, मुलगा दुसरीत आहे. दोघांचे व्हिसे तिच्या व्हिसाला बांधलेले, संपण्याची तारीख तीच. मे महिन्यातल्या सरकारी श्वेतपत्रिकेने कायम वास्तव्यासाठी पाचाऐवजी दहा वर्षांचा प्रस्ताव ठेवला होता, त्याचीही घरात धास्ती होतीच.

त्या रात्री तिचा मेसेज आला: "ताई, मुलाच्या शाळेत सांगून ठेवू का?" मी फोन केला. "काही सांगू नकोस. आधी तुझी जॉइनिंगची फाइल काढ."

फाइल काढायचं सुचलं त्याचं श्रेय माझं नाही. आमच्या संघटनेतल्या एका जुन्या सहकाऱ्याने चहा पिता पिता विचारलं होतं, "तिला दोन वर्षं पूर्ण झालेली नाहीत हे ठरवलं कुणी?" मी म्हटलं, तारखेने. तो म्हणाला, "तारखेने नाही, फॉर्मने."

एनएचएसच्या सेवाशर्तींचं राष्ट्रीय हँडबुक आहे. त्याचा बारावा भाग पूर्वीच्या सेवेबद्दल आहे. एनएचएसच्या बाहेरची नोकरी कामाशी संबंधित असेल तर तीही सेवेत धरण्याचा अधिकार मालकाला आहे, असं तिथे लिहिलेलं आहे. सक्ती नाही, अधिकार. तिच्या जॉइनिंग फॉर्मवर "पूर्वीची एनएचएस सेवा" असा एक रकाना होता. त्यात तिने प्रामाणिकपणे "नाही" लिहिलं होतं. बाहेरच्या अनुभवाचा रकाना पुढच्या पानावर होता, तो कोराच. कुणी तिला विचारलं नाही आणि विचारायला हवं हे तिला ठाऊक नव्हतं.

आता गणित नव्याने मांडा. केअर होममधले दहा महिने धरले असते तर तिची दोन वर्षं नोव्हेंबर २०२४ मध्येच पूर्ण झाली असती. एप्रिल २०२५ मध्ये मर्यादा २५,००० झाली तेव्हा तिचा मूळ पगार २५,६७४ असता आणि हँडओव्हर शीटवर तो हिशेब कधी उमटलाच नसता. भारतातली सहा वर्षं धरली असती तर ती पहिल्या दिवसापासूनच वरच्या पायरीवर असती. म्हणजे आम्ही महिनाभर ज्याला व्हिसाचा प्रश्न म्हणत होतो, तो मुळात दोन वर्षांपूर्वीच्या एका कोऱ्या रकान्याचा प्रश्न होता.

पुरावा गोळा करणं हे वेगळंच महाभारत. केअर होमच्या मॅनेजरने अनुभवपत्र द्यायला टाळाटाळ केली. सोडून गेलेल्या माणसाबद्दल तिथे अढी असते. पण तिच्याकडे पी-फॉर्टीफाइव्ह होता. नोकरी सोडताना मालकाला तो द्यावाच लागतो आणि त्यावर सोडल्याची तारीख छापलेली असते. सुरुवातीची तारीख करारावर होती, मधल्या पे-स्लिपा ईमेलमध्ये. कागद पुरेसे होते. भारतातल्या रुग्णालयाकडूनही पत्र मागवलं. तिच्या जुन्या मेट्रनबाईंनी ते दोन दिवसांत पाठवलं, पण लेटरहेडवर नव्हतं, म्हणून ते आम्ही पुढे केलं नाही. दहा महिन्यांनी भागत होतं, मग जास्त कागद ठेवून प्रश्न कशाला ओढवून घ्यायचे?

बैठक झाली १० जुलैला. आदल्या रात्री मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले, आमच्या बँड थ्रीचं जॉब डिस्क्रिप्शन आणि तिचा केअर होमचा करार. जुळणाऱ्या ओळींवर हिरवा हायलायटर फिरवत गेले. हॉइस्ट वापरून उचलणं, कॅथेटरची निगा, खाण्यापिण्याच्या नोंदी, त्वचेवरच्या जखमांवर लक्ष, स्मृतिभ्रंश झालेल्यांची देखभाल. शेवटी दोन्ही पानं हिरवीगार झाली. फक्त रक्त काढणं आणि न्यूज-टू एवढंच आमच्याकडे जास्त होतं.

बैठकीत पहिलं वाक्य आलं, "आमच्या पद्धतीत केअर होमचा अनुभव धरत नाहीत." मी विचारलं, ही पद्धत कुठे लिहिली आहे? ती लिहिलेली नव्हती. तिच्या वॉर्ड मॅनेजर सोबत आल्या होत्या. त्या जास्त बोलल्या नाहीत. हिला सोडलं तर हे रात्रीचं वेळापत्रक कोण भरणार, एवढं विचारून त्यांनी ऑगस्टचा रोटा टेबलावर ठेवला. माझ्या हिरव्या पानांपेक्षा त्या रोट्याने जास्त काम केलं असं मला आजही वाटतं.

पाच दिवसांनी पत्र आलं. दहा महिने मान्य, १ जुलैपासून दुसरी पायरी. पगारवाढीचे नवे आकडे ऑगस्टच्या पगारात येणार होते, पगाराच्या ईएसआर प्रणालीत तोवर जुनेच दर होते, म्हणून सीओएसवर २५,६७४ लिहिलं गेलं. तेवढं पुरेसं होतं. १९ जुलैच्या शनिवारी, नवे नियम लागू व्हायच्या तीन दिवस आधी, तिघांचे अर्ज भरले. प्रत्येकी ३०४ पाऊंड शुल्क, एकूण ९१२. ज्या तुटीपायी हे सगळं घडलं तिच्या चौदा पटींहून जास्त. अ‍ॅपमध्ये मुलाचा चेहरा स्कॅन होईना, तो सारखा हसत होता. सातव्या वेळी झाला.

निर्णय ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात आला. वॉर्डातूनच तिने शेअर कोड (मालकाला व्हिसा ऑनलाइन तपासता यावा म्हणून मिळणारा कोड) काढून मला पाठवला, जणू मीच मालक आहे आणि तिची कागदपत्रं तपासणार आहे.

एक गोष्ट मला अजून खटकते. नोव्हेंबर २०२४ पासूनची थकबाकी हजार पाऊंडांच्या घरात जाते. ट्रस्टने पायरी दिली ती १ जुलैपासून, मागचं काही नाही. रीतसर तक्रार करता येते, माझ्या मते करायलाच हवी. ती म्हणते, "राहू द्या ताई, व्हिसा झाला ना." व्हिसा ज्याच्या हातात आहे त्याच्याशी पैशांवरून कुणी भांडत नाही, हे मला माहीत आहे. तक्रारीचा फॉर्म भरून माझ्या खणात ठेवला आहे. सही तेवढी बाकी आहे.

दरम्यान तिच्याच वॉर्डातला दुसरा एक सहायक माझ्याकडे आला. व्हिसा १२ डिसेंबर २०२५ पर्यंत, रुजू झाल्याची तारीख ८ जानेवारी २०२४, पगार पहिल्या पायरीचा. पुन्हा सत्तावीस दिवस. त्याला केअरच्या कामाचा फक्त एक महिना सिद्ध करायचा आहे. पण ज्या कंपनीने त्याला इकडे आणलं तिचा परवानाच रद्द झाला. जुलै २०२२ ते डिसेंबर २०२४ या काळात होम ऑफिसने केअर क्षेत्रातले ४७० हून जास्त परवाने रद्द केले आणि त्यांच्याशी संबंधित कामगार होते ३९ हजारांवर. त्यांतला हा एक. नऊ महिन्यांतले चार महिने त्याला कामच दिलं गेलं नाही. उरलेल्या पाच महिन्यांच्या पे-स्लिपा आहेत, पण त्यातल्या तीन वेगळ्याच नावाच्या कंपनीच्या आहेत आणि पी-फॉर्टीफाइव्ह कधी मिळालाच नाही. मनुष्यबळ विभागाने अनुभवपत्र मागितलं आहे. त्या कंपनीचा फोन वाजतच नाही. उरलेल्या दोन पे-स्लिपा त्याने काल आणून दिल्या, घामाने मऊ झालेल्या, पाकिटात चार घड्या करून ठेवलेल्या. मी हायलायटर काढला आहे.